अर्धी अर्धी गोळी

माझी विहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि माझा व्याही अंगणात उताणा पडून ओरडत होता, की मान वळवली की डोक्यात करंट बसतो. मी मधे उंबऱ्यात उभी होते, हातात चहाचं पातेलं. दोन महिने राबून जिला उठती-बसती केली, आठ दिवसांपूर्वी जी आपल्या तोंडानं चार शब्द बोलली होती, ती पुन्हा पहिल्या दिवसासारखी गुडघे पोटाशी घेऊन गप्प. आणि हा, ज्याला कधी साधं पडसं होत नाही, तो डोळे गच्च मिटून दोन्ही हातांनी मातीला धरून पडलेला, जसं काय कुणी जमीन ओढून नेणार होतं. "इहीणबाई, बघा तं जरा, आभाळ फिरतंय का मीच फिरतोय?" मी आधी तिच्याकडे गेले. तो ओरडत होता म्हणजे धड होता. तिचा आवाज येत नव्हता.

माझ्या व्याह्यासारखा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नाही, आणि नाही तेच बरं आहे. दोन असते तर सगळा जिल्हा उत्तरं देण्यातच दमला असता. हा माझ्या लेकीचा सासरा. त्याचं गाव नेकनूरच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला, मी सिरसाळ्याची. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, लिहिताना 'तो' म्हणते. माझ्या वयाला आता एवढं चालतं. उंचीनं बेताचा, आवाजानं अफाट. तीस वर्षं उसाच्या फडात या टोकाहून त्या टोकाला हाका मारल्या, त्यामुळं हळू बोलतात कसं ते त्याला ठाऊक नाही. तो कानात सांगतो ते चार घरं सोडून ऐकू जातं. शाळेची पायरी चढला नाही, पण 'कावून', म्हणजे 'का', हा एकच शब्द त्यानं असा पक्का केलाय की शिकलेली माणसं त्याला बघून वाट बदलतात. मी चौथी पास आहे, पण चौथीच्या परीक्षेतही मला कुणी इतकं विचारलं नव्हतं. माझी लेक बघायला आला तेव्हा बाकीचे पाहुणे तिला नाव-गाव, स्वयंपाक विचारत होते. हा मधेच म्हणाला, "पोरी, दुधाचं दही व्हतं, मग पाण्याचं कावून व्हत न्हाई?" लेक म्हणाली, "ते पाण्याला इचारा." हा मांडीवर थाप मारून म्हणाला, "पसंत हाय!" त्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या विहिणीनं, तेव्हा डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून हसू दाबलं होतं. तिचं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. एकदा त्यानं जनावरांच्या डॉक्टरला विचारलं, की गाय बसताना आधी पुढचे पाय मोडते आणि उठताना आधी मागचा भाग उचलते, ते कावून? डॉक्टर म्हणाले, माहीत नाही. "मग सुई दिऊ नगा. आदी बघून या," म्हणून यानं त्यांना गोठ्यातून परत पाठवलं. गाय बिचारी दोन दिवस तापली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर उत्तर घेऊन आले, मगच सुई टोचली.

त्याची दुसरी तऱ्हा म्हणजे वाटून घेणं. ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम टोळी जमवतो तेव्हा माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. तीस हिवाळे हे दोघं असेच मोजले गेले, आणि ती मोजदाद व्याह्याच्या अंगात इतकी मुरली की घरी आला तरी ती सुटत नसे. भाकरी एक, मधोमध मोडायची. चहा एक, कप त्याचा, बशी तिची. मोबाइल एक, स्पीकरवर टाकून दोघं एकदम बोलायचे, त्यामुळं पलीकडच्याला कुणाचंच काही कळत नसे. चष्मासुद्धा एकच, सकाळी तांदूळ निवडताना तिच्या नाकावर, दुपारनंतर याच्या. मी म्हटलं, व्याही, दोघांचा नंबर एक नसतो. तर म्हणाला, "असू द्या की, दोघांलाबी निम्मं निम्मं दिसतं." करोनाच्या वेळी गावात लस आली, नर्सबाईंनी सांगितलं की दोन डोस घ्यावे लागतात. यानं पहिल्या वेळेला बायकोला पुढं केलं, दुसऱ्या वेळेला स्वतःचा दंड उघडा केला, आणि नर्सबाईंना म्हणाला, "झाले दोन. लावा शिक्का." त्या बाई हसून हसून टेबलाला टेकल्या. हा मात्र गंभीर होता. त्याच्या हिशोबात कुठंच चूक नव्हती.

गेल्या सालच्या दसऱ्यानंतर गाव दरवर्षीसारखं कारखान्यांकडं निघालं. ट्रॅक्टरवर भांडी, बाजा, कोंबड्या, पोरंसोरं. माझी लेक आणि जावईही गेले. पण व्याह्याचा गुडघा कामातून गेला होता आणि एकट्या बाईला कोणी नेत नाही, म्हणून तीस वर्षांत पहिल्यांदा हे दोघं मागं राहिले. लोकांना वाटलं, बरं झालं, विहीणबाईला आता आराम. ती बाई फडात गड्यांना मागं टाकायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना खालच्यांना शिव्या घालायची, आणि खालचे त्या शिव्या ऐकायला थांबायचे. ती घरात बसली आणि हळूहळू बंद पडत गेली. बोलणं कमी झालं, वेणीफणी राहिली, मग ताट तसंच माघारी जाऊ लागलं. लेकीनं कारखान्यावरून मला फोन केला. "आई, तू जाऊन ऱ्हा तिकडं. मामा म्हणत्यात समदं ब्येस हाय. त्यांनी 'कावून' न इचारता नुसतं ब्येस म्हणलं की समजायचं, कायतरी लई बिघडलंय."

विहिणीनं विहिणीच्या घरी मुक्कामाला जायचं म्हणजे मानपानाचा सवाल. मी मान घरी ठेवला आणि पिशवी उचलली. गेले तर विहीणबाई दाराच्या चौकटीला पाठ लावून बसलेली. माझ्याकडं बघितलं, पण मी आलेय याचं तिला काही नव्हतं. झोप पहाटेच उडायची, दिवस चौकटीत जायचा. मी तिला एकटी सोडत नसे. आडावर पाण्याला मीच जायची. का, ते लिहीत नाही. ज्याच्या घरात असं माणूस बसलेलं असेल त्याला कळेल.

व्याह्यानं आपल्या परीनं खटपट चालवली होती. कोणीतरी एक भगत आणला. त्यानं लिंबू उतरवायला घेतलं, तर याचं सुरू, "लिंबूच कावून? संत्रं कावून न्हाई? आन् उतरवलेलं जातं कुठं?" भगत लिंबू तिथंच टाकून चालता झाला. मग मी सांगितलं, उद्या अंबाजोगाईला जायचं, मोठ्या दवाखान्यात. "तिथं मनाचे डॉक्टर असतात." व्याही म्हणाला, "मनाचे? मग ते मन बघत्यात कुठून?" म्हटलं, चला, तिथंच विचारा.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. यानं आधी तिचीच चौकशी केली. बीडच्या एका फळवाल्याची लेक निघाली. एवढ्या ओळखीवर हा स्टूल ओढून पुढं सरकला. तिनं विहीणबाईशी हळू हळू बोलून बघितलं. विहीणबाई काही बोलली नाही, पण एकदा मान हलवली, तेवढ्यावर डॉक्टरीणबाईनं बरंच लिहिलं. मग म्हणाली, "बाबा, ह्यांना डिप्रेशन आहे. आजार आहे, नाटक नाही आणि बाहेरचंही नाही. ही गोळी रोज सकाळी एक, जेवण झाल्यावर. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. आपल्या मनानं बंद करायची नाही."

"कावून?"

"काय कावून?"

"समदंच. गोळी जाती पोटात, दुखणं डोक्यात. आन् चार आठवडं कावून? डोकेदुखीची गोळी तं स्टँडवर पोचूस्तोवर लागू व्हती."

बाहेर माणसांची रांग दारापर्यंत आली होती. दुसरी कोणी असती तर हाकललं असतं. हिनं कागद उलटा केला आणि दोन गोळे काढले. म्हणाली, डोक्यात अशा बारीक पेशी असतात. एकीचा निरोप दुसरीला द्यायचा तर मधे फट असते, म्हणून पहिली पेशी त्या फटीत एक रस सोडते. पलीकडच्या पेशीवर तो रस झेलायच्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. रस झेलला की निरोप पोचला. उरलेला रस पहिलीच पेशी परत ओढून घेते. ही गोळी ते ओढून घेणं अडवते, म्हणून रस फटीत जास्त वेळ राहतो. "मग तं लगेच गुण याया पायजे," हा म्हणाला. डॉक्टरीणबाई हसली. "तिथंच गंमत आहे, बाबा. पहिल्या पेशीवरही काही रिसेप्टर असतात. ते फटीवर नजर ठेवतात. रस साठलेला दिसला की पेशीला सांगतात, आता सोडू नको. म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. काही आठवड्यांत ते सुस्तावतात, पेशी पुन्हा रस सोडायला लागते, पलीकडचे रिसेप्टरही कमीजास्त होतात. डोक्याची घडी नव्यानं बसायला वेळ लागतो. आणि खरं सांगू? हे एवढंच नाही. नेमकं कसं होतं ते पुरतं अजून कुणालाच माहीत नाही. पण गुण येतो, हे पाहिलेलं आहे."

परतीच्या एस.टी.त व्याही केजपर्यंत त्या कागदावरचे दोन गोळे उलटसुलट करून बघत होता. मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "लई शिकलेली पोरगी हाय. एवढं सांगून वर म्हणती, म्हायती न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात शिकवणी सुरू झाली. गावात उरलेले सगळे म्हातारेच. त्यांतल्या तीन म्हाताऱ्या आणि एक सायकलवाले चाचा व्याह्यानं एका बाजेवर ओळीनं बसवले, आणि ओंजळी पुढं करायला लावल्या. समोर हात-दोन हात सोडून दुसरी बाज, तिच्यावर हा स्वतः, मांडीवर बोरांचं टोपलं. "मी ही पेशी, तुमी ती पेशी. बोरं म्हंजे रस. झेला!" मधल्या फटीत याचीच बकरी सोडलेली. हा बोरं टाकायचा, दोन ओंजळीत जायची, चार खाली पडायची, आणि खाली पडलेली बकरी मटकावायची. "बघितलं? माजीच बकरी, माजाच माल माघारी नेती. आता गोळी आली." म्हणजे तो उठून बकरी खुंट्याला बांधायचा. मग फटीत बोरांचा सडा पडायचा. चाचा म्हणाले, "अरे, फिर तो आमची ओंजळ भरली पायजे ना?" "थांबा की चाचा! माज्याकडं एक मुकादम बसलाय. तो खाली बघतो, म्हणतो, लई माल पडलाय, बास कर टाकायचं. मी बास करतो. चार आठवड्यांनी मुकादमाला डुलकी लागती, मग मी टाकत सुटतो." "तोपर्यंत आम्ही हात असेच धरून बसायचं का बे?" "व्हय. तोच तर आजार हाय!" एक म्हातारी म्हणाली, मला रिसेप्टर नको करू, माझा खांदा दुखतो. तिला त्यानं मुकादम केलं. ती तशीही दुपारी पेंगायचीच.

मी चुलीपाशी बसून हे ऐकायची. हसायला यायचं. पण चौकटीत बसलेल्या माणसाकडं बघितलं की हसू जागीच जिरायचं. एक आठवडा गेला, दोन गेले, चार गेले. विहीणबाई तशीच. गोळी रोज सकाळी भाकरीनंतर व्याहीच द्यायचा. घराच्या मागच्या बाजूला कोयता घेऊन बसायचा, मग मिटल्या मुठीत गोळी घेऊन यायचा. मला वाटायचं, ऊस नसला तरी हाताची सवय, धार लावत असेल. पुन्हा अंबाजोगाई. डॉक्टरीणबाईनं कपाळाला आठ्या घातल्या, गोळी वेळेवर देता का विचारलं. हा छातीवर हात ठेवून म्हणाला, "एक दिस चुकली न्हाई." ते खरंच होतं. तिनं गोळी दुप्पट केली.

त्याच दिवसांत व्याह्याचंच काहीतरी बिनसायला लागलं. सारख्या जांभया. पोट बिघडलेलं, झोप उडालेली. आणि सगळ्यात नवल म्हणजे 'कावून' कमी झालं. कंडक्टरनं चुकीच्या ठिकाणी उतरवलं तरी हा मुकाट्यानं उतरला. आमची म्हातारी मंडळी काळजीत पडली. चाचा म्हणाले, बायकोच्या घोरानं खंगला. मलाही तसंच वाटलं, म्हणून मी त्याच्या ताटात एक भाकरी जास्त टाकू लागले. ती तो निम्मीच खायचा.

मग एके दिवशी दुपारी मी विहीणबाईपुढं बशी ठेवली, तिनं घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी हाय." बास, एवढंच. माझ्या हातातून साखरेचा डबा निसटला. व्याही अंगणातून धावत आला, लंगडत, "काय म्हनली? पुन्यांदा म्हन!" तिनं पुन्हा म्हटलं, जरा वैतागून. तो वैताग ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला मूठभर साखर घातली. तीन दिवस ती थोडं थोडं बोलत होती. आणि या शहाण्यानं मनाशी ठरवलं की फड संपला, आता कोयता ठेवायचा. फड संपला की सगळी टोळी एकदमच थांबते, कोणी हळूहळू थांबत नाही. त्यानं गोळ्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि डबा माळ्यावर ठेवला. मला सांगितलं नाही. पाच दिवस गेले, आणि ती सकाळ उजाडली जी मी सुरुवातीला सांगितली.

नेकनूरहून जीप मागवली. मागच्या सीटवर दोघं. ती खिडकीला डोकं टेकून, तो तिच्या खांद्याला, प्रत्येक खड्ड्याला "आई गं, बसला करंट" म्हणत. मी पुढं बसून मनात जे जे येत होतं ते त्याच्यावर काढत होते, पण तोंडानं काही बोलले नाही. गाडीवाला परका होता.

डॉक्टरीणबाईनं आधी विहीणबाईला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मग याच्याकडं वळली. चक्कर कधीपासून? करंट कसा बसतो? मळमळ? चिडचिड? लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं.

"बाबा, तुम्ही कुठली गोळी घेत होता का?"

"न्हाई. मला कुठली गोळी? तिचीच."

"तिची म्हणजे?"

"निम्मी ती, निम्मी मी. तुमी एकाच्या दोन केल्या, तवा तिला एक, मला एक."

डॉक्टरीणबाईच्या तोंडातून आपसूक निघालं, "कावून?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी हा शब्द परत केला होता. तो गडबडला. मग म्हणाला, "आमी एक कोयता हाव, म्याडम. तीस वर्सं तिनं एकलीनं काय खाल्लं न्हाई. गोडधोड मी वाटून खाल्लं, आन् कडू गोळी तिनं एकलीनं खायाची व्हय?" खिशातून त्यानं कागदाची पुडी काढली. आत पहिल्या महिन्याच्या गोळीचा एक अर्धा तुकडा होता, उरलेला. कोयत्यानं कापलेला. एवढीशी ती गोळी, पण कड अशी सरळ की डॉक्टरीणबाईनं ती उजेडात धरून बघितली. क्षणभर तिला हसावं का रागवावं ते कळेना. मग ती रागावली, आणि चांगलीच रागावली. दुसऱ्याची गोळी खाणं जिवावर बेततं, म्हणाली. पहिल्या महिन्यात आजीला पुरेशी गोळी मिळालीच नाही, दुप्पट केल्यावर कुठं पहिल्या दिवशी लिहून दिली होती तेवढी गोळी त्यांच्या पोटात जाऊ लागली, म्हणून साखरेचं सुचलं. आणि ते सुचलं तोच तुम्ही दोघांची एकदम तोडलीत. तुमचं डोकं गोळीला धरून बसलं होतं, तुम्ही आधार काढून घेतलात.

"बकरी एकदम सोडली," व्याही पुटपुटला. त्याला सगळं कळलं होतं. पाठच होतं त्याला. दोन महिने साऱ्या गल्लीला शिकवत होता. स्वतःच्या घरात ते लागू आहे, एवढंच ध्यानात आलं नव्हतं.

"आता ऐका," ती म्हणाली. "आजीची अख्खी गोळी, रोज. तुम्हाला आजार नाही, तुमची मी थोडी थोडी कमी करत बंद करते."

"मग ती खाईल तवा मी काय करू? नुसता बघत बसू?"

"हो. नुसतं बघत बसायचं."

हे त्याला पटेना. अवघड चाललं होतं बिचाऱ्याचं. "चार दिस निम्मी दिऊन बघा की, म्याडम. आता साखरेचं बोलली तवा..."

"अर्ध्यावर माजं भागत न्हाई."

आम्ही तिघंही वळलो. विहीणबाई फरशीकडं बघत होती. आवाज इतका बारीक की याच्या तीस वर्षांच्या हाकांपुढं तो कधी ऐकूच आला नसता. पण नेमका तेव्हा तो अडखळला होता. "मागच्या दारातनं मला दिसत व्हतं तुमी कापताना," ती म्हणाली. "तोंड उचलत नव्हतं बोलायला. अख्खी द्या मला."

व्याह्यानं रिकाम्या पुडीच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "घे की. मी कवा न्हाई म्हनलो?" आणि उठून बाहेर नळापाशी जाऊन बसला. तिथं त्यानं काय केलं ते बघायला मी गेले नाही. माझं काम आत होतं.

त्या दिवसापासून गोळ्यांची पाकिटं माझ्या चंचीत. सकाळी विहीणबाईच्या हातावर अख्खी, व्याह्याच्या हातावर डॉक्टरीणबाईनं लिहून दिली तेवढी, पुढं पुढं नखाएवढी, आणि मग काहीच नाही. तो ओशाळून रिकामा तळहात पुढं करायचा, मी म्हणायची, "संपलं तुमचं, व्याही." करंट थांबले, चक्कर थांबली, आठ-पंधरा दिवसांनी त्याचं 'कावून'ही पूर्ववत सुरू झालं, आणि मला कळलं की मधे किती शांतता होती. विहीणबाईचं मात्र घाईनं काही झालं नाही. तीन आठवडे काहीच हललं नाही. मी रोज तिच्या तोंडाकडं बघायची आणि रोज वाटायचं, गेलं हे माणूस. मग एक दिवस तिनं आपणहून डोक्याला तेल मागितलं. एक दिवस म्हणाली, इहीणबाई, तुमची भाकरी जाड व्हती. मी म्हटलं, मग करा तुमच्या हातानं पातळ. आणि तिनं केली.

माघात ज्वारी हुरड्याला आली. शेजारच्या बायका शेतावर निघाल्या तेव्हा ही पदर खोचून उठली. व्याही लगबगीनं चपला शोधू लागला. ती म्हणाली, "तुमी बसा घरी. बायकाबायका चाललोय." आणि गेली. तो दारात बसला. वाटेकडं बघत. मला तीनदा विचारलं, "इतका येळ कावून लागला?" मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले. ती ऊन कलल्यावर आली, तोंड उन्हानं लालबुंद, कशावरून तरी हसत. कशावरून, ते तिनं त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. नुसता बघत बसला, डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं तसं.

आता याला वर्ष होऊन गेलंय. गोळी अजून चालू आहे, कधी कमी करायची ते डॉक्टरीणबाई ठरवेल. व्याही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "त्या साली आमी दोघं लई आजारी व्हतो. कसंबसं वाचलो." विहीणबाई ऐकते, तोंडाला पदर लावते आणि त्याला बोलू देते. मला तसं जमत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. आजारी ती होती. तो हिवाळा तिनं एकटीनं काढला आणि त्यातून तीच वाचली. आम्ही दोघं बाजूला बसलो होतो.